पातेल्यातले दोन थर्मोस्टॅट

मी, टॅक्सीचालक, वय ४६ वर्षे, राहणार गॅरेजमागची गल्ली, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, गॅरेजवाला मिस्त्री हा माझ्या मयत पत्नीचा थोरला भाऊ आहे. मी त्याला दादा म्हणतो.

माझी गाडी आठवडाभर तापत होती. इंजिनचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापले की उघडणारी झडप, अडकत असल्याचे दादाने सांगितले. मी म्हणालो, "काढून टाका, कित्येकांच्या गाड्या तशाच पळतात." तो उखडला. "दाजी, बहिणीच्या गाडीत मी असलं जुगाड करणार नाही."

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी उकळत्या पाण्यात तपासायचा, ही त्याची पद्धत. मला पटावे म्हणून त्याने जुनाही घासून लख्ख केला आणि त्याच पातेल्यात सोडला. नवा उघडला, जुना ढिम्म राहिला. दोन्ही फडक्यावर काढून ठेवले. तेवढ्यात पत्नी चहा घेऊन आली. "काय शिजवताय दोघं? मला बोलावलंही नाहीत," असे म्हणाली. आम्ही हसलो. चहा पिऊन होईपर्यंत नवाही गार होऊन मिटला होता. आता दोन्ही सारखेच दिसत होते. दादाने एक उचलला. "हाच ना?" असे मी विचारले. "मी काय आज धंद्याला लागलोय?" असे तो म्हणाला. पुन्हा उकळून बघा, असे मी म्हटले नाही आणि त्याने तो बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नीच्या छातीत दुखू लागले. तिला मागच्या सीटवर झोपवून मी दवाखान्याकडे निघालो. चढावर काटा लाल रेषेवर गेला आणि इंजिन बंद पडले. "अहो, पोचू ना?" असे तिने दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. रस्त्यात उभे राहून मी हात केले. शेवटी एक ट्रक थांबला, पण तोवर ती गेली होती.

गाडी ओढून आणल्यावर दादाने गॅरेजमध्ये राहिलेला थर्मोस्टॅट उकळून पाहिला. तो उघडला. म्हणजे गाडीत जुनाच बसला होता. तेव्हापासून दादा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून आहे. मी फिर्याद द्यावी म्हणून माझ्यापुढे हात जोडतो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मन मोठे आहे म्हणून हे सांगतोय असे नाही. माझा त्याच्यावर राग आहे आणि तो जाणार नाही. त्याला शिक्षा झाली तर ती भोगून तो एक दिवस सुटेल. मला कोण सोडवणार?

वरील जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. तक्रार नाही, हे वाक्य खोडू नये.