पिंगळीस आलेला समुद्र

...आणि वर मलाच अंधश्रद्धाळू म्हणता? चौदा वर्षे मुलांना 'भूत नसते' असे शिकवणाऱ्या माणसाला? अहो, मी भ्यालो नाही. पाहिले ते सांगतो.

तुम्हाला सांगतो, आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला आणि पहिल्याच उन्हाळ्यात मुंबईचा समुद्र पिंगळीस आला! बदलून आलेले स्टेशनमास्तर किशनराव, त्यांच्या सामानात काचेची पेटी, पेटीत खारे पाणी आणि पाण्यात एकच मासा, झेंडूसारखा पिवळा. त्यांची सात वर्षांची मुलगी मुंबईस वारली, तिचा तो. आई सारजाबाई तेव्हापासून कोणाशी बोलत नसत. भर दुपारी रूळ तापलेले, गाडी नाही, माणूस नाही, आणि त्यांच्या घरातून सायकलच्या पंपाचा आवाज... फुस्... फुस्... बाई माशाला हवा देत आहेत! मासा खाई तेव्हा बाई खात. मासा उपाशी, बाई उपाशी.

चैत्रात मासा पांढरा पडू लागला. आधी तोंड, मग पोट, मग सगळाच राखेसारखा... आणि बाईंचाही रंग उतरू लागला! आधी ओठ... हसू नका. मी भ्यालो नाही. पाहिले ते सांगतो.

किशनराव घरी आले. "मास्तर, तुम्ही शास्त्र शिकवता, निदान करा. तिने तीन दिवस अन्न घेतलेले नाही." माझे शास्त्र ते काय? बेडकाचे चित्र आणि फळ्यावरचा ऑक्सिजन! शिवाय आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासळीकडे पाहिलेले नाही. पण दारी आलेल्या दुःखिताला परत पाठवू नये.

मेंढरांचा जाणता म्हणून येडबा धनगराला सोबत घेतले. मेंढीची पापणी उलटून तो रोग सांगतो. काचेपाशी उकिडवा बसला आणि बसल्या जागीच मागे सरकला.

"मास्तर, ह्याला पापणीच न्हाई की वो! हे झोपतंय कवा? हे समदं बघायलंय!"

"अरे, माशांना पापणी नसते."

"नसंल. पर तुमच्याकडंच कामून बघायलंय?"

मी डावीकडे सरलो, मासा डावीकडे वळला. उजवीकडे सरलो, उजवीकडे वळला. कल्ले भराभर उघडझाप करीत होते, आणि मागे कोपऱ्यात बाईंचा श्वास... त्याच लयीत! मी भ्यालो नाही. पाहिले ते सांगतो.

धीर धरून निरखले, तर काचेवर जुन्या पाण्याची पांढरी रेघ आणि पाणी तिच्याखाली चार बोटे. पाणी उन्हाने आटते, मीठ आटते काय? मागे राहिलेले पाणी अधिक खारट होणारच! पण एवढ्याने मासा मरणाला टेकावा? खात्री करण्यास एकच उपाय उरला. रामनाम घेतले, बोट बुडवले आणि चाखले. होय, चाखले! रामेश्वरी स्नान करताना समुद्राचा एक घोट पोटात गेला होता, ती चव मी विसरलेलो नाही. हे पाणी तिच्या दुप्पट खारट! जीभ पोळली.

"किशनराव, यात मीठ कोण टाकते?"

पाणी भरणारी बायनाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "टाकायलंय कोन? म्या दृष्ट काडायलेय. मीठ ववाळायचं अन् पान्यात सोडायचं."

"किती दिवस?"

"रोजच की! रंग जास्तीच उतराय लागला, म्हून आता दोनदा!"

येडबाने डोके खाजवले. "एक खडा मीबी सोडलाय मगाशी. मेंढरू मरगळलं की आमी मीठ चाटिवतो."

आणि किशनराव, रेल्वेचे अधिकारी, खाली मान घालून म्हणाले, "मीही टाकले, मास्तर. म्हटले, समुद्राचा जीव आहे... घरची आठवण येत असेल."

सांगा, कोणावर रागवावे? माया साऱ्यांची होती. पण न जाणता केलेली माया घातच करते, हे मी तेथे स्पष्ट सांगितले. कोणी ऐकले असे वाटत नाही.

रोज थोडे खारे पाणी काढले, विहिरीचे गोडे थोडे अधिक घातले. रेघेपर्यंत पाणी यायला आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तोंडाशी हळदीसारखा पिवळा ठिपका दिसला. माशाने चारा टिपला. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाच महिन्यांनी बोलल्या, "मास्तर, रंग आला."

माझे डोळे भरले. एवढ्यात बाई उठल्या, स्वयंपाकघरातून मूठ वळून आल्या, पेटीवरून तीनदा ओवाळली आणि... पाण्यात सोडली! मीठ! आलेल्या रंगाला नजर लागू नये म्हणून!

मी तोंड उघडले. चौदा वर्षांचे शास्त्र जिभेवर होते. पण बाई हसत होत्या हो... मी तोंड मिटले.

तेव्हापासून त्या रोज मीठ टाकतात, मी रोज काढतो. सकाळी स्नान आटोपून विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन निघालो की आमची मंडळी उंबऱ्यात उभी. "अवो, देव पारोसे बसलेत अन् तुमी माशाला आंघुळ घालाया निघालात?"

"अगं, देवाला थांब म्हणता येते," एवढे बोलतो आणि स्टेशनाची वाट धरतो.