रामाकोन्याचं गाणं, कॅनडातला कॉपीराइट

—तं कॅनडाचा वेगळा, अमेरिकेचा वेगळा, जर्मनीचा वेगळा, सगळीकडचा कॉपीराइट काढून द्या वकीलसाहेब. नाव वच्छला, मुक्काम रामाकोना. दुनियाभरच्या बाया माह्यं गाणं म्हनून पोरं झोपवून राहिल्या, अन् मोबाईलवर गाण्याचा व्हिडिओ फिरून राहिला, त्याच्याखाली लिहिलं काय? पारंपरिक! अजी, मी अजून जित्ती हावो ना बापा!

काय म्हनता? देशोदेशी नोंदवाची गरजच नाही? करार हाय देशादेशाचा? म्हनजे गाणं जोडलं तवाच ते माह्यं झालं — इथंबी अन् तिथंबी? अन् नोंदणी फकत पुराव्यासाठी, ती इथंच, तुमच्या सौंसरच्या ऑफिसात बसून होते? घ्या! मी तं पासपोर्टचे फोटोबी काढून आनले.

पुरावा काय देऊ? नवी सून होती मी. सून गाणे जोडते हे कळलं असतं तं सासूबाईनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हनून ठोकून देल्लं — आमच्या माहेरचं जुनं हाय. सासूबाई खुश! त्याइनंच गावभर शिकवलं, बारशाबारशाले. आपल्याकडं बाईचं गाणं जुनं असलं का सुंदर, नवं असलं का थेरं. आयका —

संत्र्याच्या फुला, पडजो हळू,
तिळाच्या कपाळाची निजली बाळू.

आता सांगा, त्या व्हिडिओतल्या पोराच्या कपाळावर तीळ हाय कुठी? कोरं कपाळ! तरी ती त्याले हेच म्हनून राहिली —

ती म्हनजे... जिनं व्हिडिओ टाकला ते. नाव कायले पाहिजे? नोटीस? नाही नाही, नोटीस नको! पोटच्या पोरीले कोनी नोटीस देते का? माही प्रणाली हाय ते, कॅनडात राह्यते. तिलेबी मी हेच सांगितलं होतं ना, जुनं हाय म्हनून. मंग बिचारी पारंपरिकच लिहिन. आता इतक्या वर्सानं फोनवर कसं सांगू? लाज वाटते. म्हटलं सरकारी कागद गेला का वाचन, समजन तिले, का हे गाणं कोनासाठी —

माह्या मोबाईलचं काय करून राहिले तुम्ही? लावला? आत्ता? बापा बापा... द्या इकडं.

हॅलो, प्रणाली? काही नाही व, सौंसरले आली होती. नातू झोपला? ...आयक ना. ते गाणं जुनं नोहे. मीनं जोडलं. हाव, मीनंच... आरशात पाह्य बरं तुह्यं कपाळ.

...अवं, रडतं कायले?

वकीलसाहेब, तुमचं ऑफिस हाय, मालूम हाय मले. पन तुम्ही जरा बाहीर बसा बरं.