पावन्यांचं जेवन

उभं का ऱ्हायलात पावनं, बसा की घोंगडीवर — सुनंचा भाऊ रातभर गाडी हाकून देवळालीवरनं आला आन् उंबऱ्यातूनच भनीला घिऊन माघारी गेला, तर लोकं काय म्हनतील? झुंबरबाईनं पावन्याला पानीबी इचारलं न्हाई म्हनतील. बैलं? बैलं सोडली की. मीच सोडायला लावली, आमचा गडी गोरक्षनाथ घिऊन गेलाय वढ्याच्या अंगाला — एवढ्या लांबनं आलेली मुकी जनावरं, त्यांना काय उपाशी जुपायची व्हय? येतील, दिस कलताना येतील. तवर जेवन हुतंय, कोंबडं कापलंय तुमच्यासाठी, आता न्हाई म्हनू नका.

तुमच्या भाचीचं म्हनता? व्हय, तीच कन्हतीया आत. तुमाला आवाज मोठा वाटतोय, आमच्या कानाला सवय झाली. डबा झालाय तिला, पोटाचं दुखनं, दुसरं काय न्हाई. ल्हान पोरांना हुतोच की डबा — दम घेताना पोट कसं उडतं ते दारातनं बघितलंत न्हवं मगाशी, बरगडीखाली खड्डा पडतो — मंग रोग कुठं? पोटात. म्हनून काल डाग देनाऱ्या बनुबाईला बोलावली, तिनं दाभन तापवून पोटावर डाग दिलं. पोरगी लई वरडली. आता वरडत न्हाई, नुसती कन्हती. खरं सांगू, तिच्यापरीस तुमची भनच जास्त वरडली, मला धरून ठिवावी लागली तिला — तिच्या मनगटावर वळ दिसतोय तो त्याचा हाय, भलतंसलतं मनात आनू नका.

काय म्हनता, पोटात न्हाई, फोफशात रोग हाय? आता तुमी मला शिकवा. अवो, फोफसं मला ठावं न्हाई व्हय? मागल्या साली माज्या मच्छिंद्राला ह्योच रोग झाला हुता — तुमच्याच दाजीला — पाटाचं पानी धरून पहाटंचा आला तो फनफनला, थुंकीत तांबडं पडाय लागलं, आन् मी त्याला गाडीत घालून थेट नगरला नेला, मड्डमबाईच्या दवाखान्यात. लई मायाळू बाई. मला समोर बसवून समदं समजावून सांगितलं तिनं — म्हनली, आई, फोफसं कापसावानी असतं, मऊ, त्यात वारा खेळतो — त्यात रोगाचं किडं शिरलं, पू धरला, का ते बोकडाच्या काळजावानी घट्ट हुतं, मंग वाऱ्याला जागाच ऱ्हात न्हाई. तिच्या नळ्या माज्या कानात घातल्या आन् ऐकवलं — आपलेच केस कानापाशी चुरावं तसं करकर वाजत हुतं माज्या लेकाच्या छातीत. ल्हान पोराचं पोट उडतं ते वारा वढताना उडतं, रोग वर असतो, पोटाचा काय संबंद न्हाई — ह्ये बी तिनंच सांगितलं. लढाईपायी गोळ्या मिळत न्हवत्या, तरी पाय धरलं मी मड्डमबाईचं, गोळ्या घेतल्या, रातच्याला उठून उठून चारल्या आन् पोरगा उभा केला. डाग? त्याला कसा देऊ डाग — लेक हाय माजा.

असं बघू नका माज्याकडं. त्याच गोळ्या, व्हय, चिमूटभर उगाळून दिल्या तर हिलाबी लागू पडतील, मी कुठं न्हाई म्हनते. पन एक सांगा, वाचली तर फुडं काय? ही अंगावर पिती तवर तुमच्या भनीला दुसरं कसं ऱ्हावं? पयलीबी पोरगीच हुती, तिचंबी असंच झालं, तिलाबी बनुबाईनंच डागली — आन् वरीस झालं न्हाई तर रतनला दिस गेलं. मला वाटलं आता तरी नातू, तर ही आली. म्हातारीला नातू नको का? उगं वंगाळ वाटून घिऊ नका पावनं. मी काय गळा दाबला न्हाई कुनाचा. रोग देवानं दिला, डाग बनुबाईनं दिला, मी नुसती हितं दारात बसलीया. आता मला वलांडून आत जायचं असंल तर जा, मी हात न्हाई धरनार — पन म्हाताऱ्या बाईला वलांडून जानारं तुमी न्हाई, तुमचं घरानं मला ठावं हाय.

मच्छिंद्र कुठंय म्हनता? श्रीरामपूरला, कापूस घिऊन. मीच धाडला. कापसाची तशी काय घाई न्हवती, पन त्यो काळजाचा मऊ हाय, त्यानं पोरीला उचलून गाडीत घातली असती. आन् त्यानं जा म्हनल्याबिगर सून घर सोडत न्हाई, तशी आमच्यात रीत हाय. तुमच्यातबी हायच की. तुमची बायकू तुमच्या माघारी भावासंगं निघाली तर चालंल का तुमाला? घ्या, पान वाढलं. रस्सा जरा तिखट हाय, भाकरी चुरून घ्या. हात धुवा —

थांबा.

कन्हायचं थांबलं वाटतं.

रतने, काय करतीस आत? हलवू नगो तिला. खाली ठेव. ठेव म्हनते ना — पदर घाल तोंडात, आवाज काढू नगो. पावन्यांचं पान वाढलंय, घरात रडं उठलं का समदं अन्न टाकावं लागंल, चूल इझवावी लागंल. आदी त्येंचं जेवन हू दे, मंग रड किती रडायचं ते.

घ्या पावनं, घास घ्या. बैलं आनाय सांगते आता.