नात सुट्टीला येईल तेव्हा

"हॅलो?… कोण?… थांबा हां जरा, घरात आवाज तुटतोय. अंगणात येते… हां, आता बोला."

शालूबाईनं तांदळाचं सूप ओट्यावर ठेवलं आणि ती जांभळीखालच्या धुण्याच्या दगडावर जाऊन उभी राहिली. भाजे गावात त्यांच्या घराला रेंज मिळायची ती एवढ्या एका दगडावरच. तिथून आतल्या खोलीची खिडकी दिसायची. खिडकी अर्धी लोटलेली होती. आत तिची नात कोमल भिंतीकडं तोंड करून निजली होती. दुपारचं ताट उशाशी तसंच झाकून होतं.

"व्हय, मी तिची आजी, शालूबाई… तिच्या बापाचा, प्रदीपचा, न्हाई लागायचा फोन. त्यो कंपनीत गेलाय, नवलाख उंबऱ्याला. तितं आत फोन नेऊ देत न्हाईत… तिची आई रानात हाय. माझ्याशीच बोला की… कोण म्हणालात? राजेश्वरी मॅडम?… कोमलच्या कालिजातनं?… अगं बया! न्हाई, न्हाई, रागवू नका मॅडम, लेकरू हाय… रागवायला न्हाई केला फोन? मंग वो?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मदतीला?… आसं बी खातं आसतंय व्हय डॉक्टरकीच्या कालिजात? मागं पडलेल्या पोरांना वर वढायचं?… चांगलं हाय की. आमच्या वक्ताला मागं पडलं की गुरं राखाया धाडायचे… हसताय? खरं सांगते."

"तब्येत? ताप न्हाई, खोकला न्हाई. दोन घास खाती आन निजती. कालिजाचं नाव काढलं की तोंडावर पांघरूण घेती… व्हय, तिचा आबा गेला दिवाळीत. तवापासनंच… मधी आलती की तुमच्याकडं, दिवसकार्य उरकल्यावर. पर परत आली ती आलीच. बॅग सुदिक उघडली न्हाई."

"सोमवारी?… आन सोमवारी न्हाई आली तर?… हजेरी… हं… वरीस जाईल. हं."

शालूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कोमलला प्रवेश मिळाला तेव्हा भावकीनं मळवली स्टेशनाच्या वळणावर केवढा फ्लेक्स लावला होता. 'डॉ. कोमल' असं नाव, आणि शेजारी फेटा बांधलेल्या तिच्या आबाचा, दत्तोबाचा, फोटो. पोरीनं कॉलेजची पायरी चढण्याआधीच गावानं तिला डॉक्टर करून टाकलं. दत्तोबा लेण्यांच्या पायथ्याला काकड्या विकायचा. दम लागलेला पाहुणा दिसला की म्हणायचा, "सावकाश चढा साहेब. काय वाटलंच तर आमची नात डॉक्टर हाय."

"काय काय देणार म्हणता?… संध्याकाळचे येगळे तास… वरच्या वर्गातली पोरगी सोबतीला? जेवाया बी सोबत? बरं झालं, येकटी आसली की उपाशी ऱ्हाती ती… आन ते काय म्हणालात? पेशंटला हात न लावता डॉक्टर?… आसं बी आसतंय?… दुर्बिणीतनं रगात तपासायचं. बरं… आवो पर तिला पेशंटची भीती कवापासनं? गावातल्या म्हाताऱ्या गुडघं दावाया यायच्या तर ही नुसती हसायची. म्हणायची, आजे, मला अजून हाडांची नावंच येत्यात, त्यातली बी निम्मी."

मग बराच वेळ पलीकडूनच बोलणं चाललं. शालूबाई मधून मधून 'हं' म्हणत होती.

"तुमाला सांगितलं तिनं?… कवा?… आमाला अक्षर न्हाई बोलली… पुन्यांदा सांगा बरं मॅडम… मान हलवली म्हणून?… आरं देवा."

भात लावणीपासूनच दत्तोबाच्या छातीत भरून यायचं. रानातून घरापर्यंतचा चढ चढताना तो दोनदा बसायचा. आधी तो कामशेतला एका डॉक्टरकडं जायचा, गोळ्या घ्यायचा. नातीला प्रवेश मिळाला आणि त्यानं ते बंद केलं. "घरात डॉक्टर आसताना परक्यापुढं सदरा कशाला काढू? नात सुट्टीला येईल तवा दाखवीन." वेलावरची कोवळी काकडी तिच्यासाठी राखून ठेवायचा, तसं त्यानं दुखणंही राखून ठेवलं.

दिवाळीला कोमल आली. दत्तोबा धुतलेला सदरा घालून ओट्यावर तिच्यापुढं बसला. चार शेजारी चहा पीत बघत होते. तिनं कोऱ्या स्टेथोस्कोपची टोकं कानात घातली, आबाच्या छातीवर ऐकलं आणि हळूच म्हणाली, "आबा, मला यातलं अजून कळत नाही." आबा म्हणाला, "आईक तर खरं." तिनं पुन्हा ऐकलं. सगळे बघत होते, म्हणून तिनं मान हलवली. "ठणठणीत!" दत्तोबानं सगळ्यांना सांगून टाकलं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी तो बांधावर कोसळला. कामशेतला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला भावकीतला कैलास सगळ्यांच्या देखत बोलला, "घरात डॉक्टर आसून ही गत."

"व्हय, हाये मी… रडत न्हाई, मॅडम. ऐका ना… न्हाई, न्हाई, ती समजतीय तसं न्हाई ते. तसं न्हवतंच."

शालूबाईनं खिडकीकडं बघितलं. एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, लेकालासुद्धा नाही. ती सांगितली तर पोरीच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल आणि दुसरं चढेल, एवढं तिला कळत होतं. दिवाळीपासून तिनं ती तशीच गिळून ठेवली होती.

ती दगडावरून उतरली आणि बोलत बोलत खिडकीपाशी गेली.

"मॅडम, आमच्या ह्यांना ठावं हुतं. पोरीनं तपासलं त्याच दिवशी दिवा मालवल्यावर मला म्हणले, पोरीला काय कळलं न्हाई गं. येवढ्या माणसांत तिचं तोंड पडाया नको, म्हणून मीच ठणठणीत म्हणून टाकलं… ऐकताय न्हवं?… मी म्हणलं, मंग उद्या चला कामशेतला. तर म्हणले, आगं, ती हितं आसताना दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो तर लोक काय म्हणतील तिला? ती कालिजात गेली की जाऊ गुपचूप… हसत हुते वो, मॅडम. कुणाला येड्यात काढल्यावानी हसत हुते… पोरीनं मान हलवली म्हणून न्हाई ऱ्हायले ते. आपल्या मनानं ऱ्हायले."

फोनमध्ये आवाज नव्हता. दगडावरून उतरल्यावर चार पावलांतच रेंज गेली होती, आणि शालूबाईला ते ठाऊक होतं. तरी तिनं फोन कानालाच धरून ठेवला होता.

"ऐकताय न्हवं?" तिनं खिडकीकडं तोंड करून पुन्हा विचारलं.

आत पांघरूण हललं. थोड्या वेळानं कोमल दारात आली. केस सुटलेले, गालावर उशीचे वळ.

"आजे, फोन कट झालाय."

"ठावं हाय मला."

कोमल उंबऱ्यावरच उभी राहिली. "म्हणजे माझ्यासाठीच थांबला ना आबा."

हेच वाक्य शालूबाईला नको होतं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण घरात एकदा खोटं बोलून झालं होतं आणि त्याचं काय झालं ते समोर होतं. तिनं नातीच्या तोंडावर आलेले केस मागं सारले.

"व्हय," ती म्हणाली. "थांबला."

कोमल तिथंच खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. दिवाळीपासून ती घरातल्या कुणासमोर रडली नव्हती. शालूबाई शेजारी टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ओट्यावरच्या सुपात चिमण्या उतरल्या, तांदूळ टिपू लागल्या. तिनं त्यांना हाकललं नाही.

मग कोमलनं नाक पुसलं, आजीच्या हातातून फोन घेतला आणि अनवाणीच अंगण ओलांडून ती दगडावर चढली. चढते न चढते तोच फोन वाजला.

"हॅलो?… हो मॅडम, कोमल… हो. उठलेय… जेवले नाही अजून… आजी सांगत होती ते… नाही, ते दुर्बिणीचं नको आत्ता… मॅडम, एक विचारू?"

शालूबाईला तिचे खांदे वर गेलेले दिसले.

"छातीतलं ऐकायला कधी शिकवतात?"

पलीकडून काय आलं ते शालूबाईला कळायचं काही कारण नव्हतं. तिला फक्त नातीची पाठ दिसत होती.

"म्हणजे आता सुरूच होणार होतं… हो… सोमवारच्या बॅचला… मी नसले तर?… नाही, तसं नाही. मला माहीत नाही मॅडम. मी आत्ता काहीच… मॅडम? हॅलो?… हॅलो?…"

लाईन तुटली. आता पोर उतरेल आणि पुन्हा आत जाऊन निजेल, असं शालूबाईला वाटलं. कोमल उतरली नाही. दोन्ही हातांत फोन धरून, तो वाजायची वाट बघत ती दगडावरच उभी राहिली.

शालूबाई उठली. दारातल्या कोमलच्या चपला उचलून आणल्या आणि दगडापाशी ठेवल्या.