भावाच्या गाडीतला रेडिओ

माहं गाव घुग्घुसच्या अलीकडे, खाणीच्या ढिगाले लागून. खाणीतली माती बाहेर आनून टाकते ना, त्याचाच झाला डोंगर, आमी लहान होतो तवा तो नव्हता, तिथी आमचं कापसाचं वावर होतं. आमी दोघं भाऊ. मोठा मुरली, मी प्रभाकर, सहा वरसाचं अंतर. आता सहा वरसाचं अंतर म्हंजे काय होते सांगू का तुम्हाले, त्याचे सदरे मले, त्याचे पुस्तकं मले, त्याची सायकल मले, चप्पल बी त्याचीच, आंगठ्याच्या जागी त्याच्या आंगठ्याचा खड्डा पडलेला, माहा आंगठा त्या खड्ड्यात कधी बराबर बसलाच नाई. नवीन असं माह्या वाट्याले काई आलं नाई.

मंग वावर खाणीत गेलं. घरातल्या एकाले नोकरी भेटनार होती, ते मोठ्याले भेटाची. त मुरलीभाऊ म्हने, मले नाई जाच खाणीत, मी गानारा मानूस, पभ्याले द्या. म्हंजे नोकरी बी त्याची उतरवलेलीच. लोक म्हने काय भाऊ आहे, असा भाऊ पाह्यजे. मी हाव हाव म्हनो, आनि आतून जळो. खरं सांगतो, आता लपवाचं काय आहे. कोनी आपल्याले काई देऊन टाकलं त आपन खूश व्हाले पाह्यजे, मी जळलो.

मी लागलो खाणीतल्या पंपावर. खाली पानी साचते, ते उपसून बाहेर काढाचं. तिथीच मोटारीचं काम पाहून पाहून शिकलो, कोनी शिकवलं नाई. पंखे, मिक्सर, गाव आनून दे, मी खोलून दुरुस्त करून दे. माहे हात चालते, तोंड नाई चालत. मुरलीभाऊचं उलटं. थो झाडीपट्टीच्या नाटकात गाये, थंडीचे चार महिने वडसा, सिंदेवाही, मूल, इथी प्रयोग, तिथी प्रयोग, पेटी घेऊन फिरे. मिशी अशी बारीक कोरलेली. त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली, छोटी, नाटकाले जाले. तिच्यात त्यानं चंद्रपूरहून कॅसेटचा रेडिओ बसवून आनला, पहिल्या दिवशी अर्धं गाव दरवाजे उघडून तिच्यात बसलं होतं.

अडतिसाव्या वरसी तो गेला. कुरखेड्याकडून प्रयोग करून आला, ताप घेऊनच आला, मलेरिया डोक्यात चढला म्हने डॉक्टर, पाच दिवसात खलास. मांगं निर्मलावैनी आनि सहा वरसाची स्वाती. मी बत्तीसचा, लग्न नाई झालेलं. वरीसभरानं मायनं आनि वैनीच्या मोठ्या बहिनीनं बसून ठरवलं का प्रभाकरनं वैनीसंग पाट लावावा. वैनीले इचारलं, त्या म्हनल्या, भाऊजीले इचारा. मले इचारलं, मी म्हनलो, वैनीले इचारा. असं दोन दिवस चाललं. मंग माय म्हने, दोघायले बी पसंत आहे, आता कोनाले इचारू नका.

काय म्हनाचं पन तिले? काल परवापर्यंत वैनी, आता एकदम निर्मला कसं म्हनाव? वरीसभर मी अवो, आयकलं का, असंच म्हनलं. आजबी मी तिले तुमीच म्हनतो. स्वाती मले काका म्हने, तसंच राह्यलं. आमाले दोघाले आजूक मूल झालं नाई. वाईट संसार नव्हता तो, भांडन नाई, आवाज नाई. पन माह्या डोक्यात एक बसलेलंच होतं. नोकरी त्याची, गाडी त्याची, पोरगी त्याची, बायको त्याची. मी फक्त सांभाळून राह्यलो.

आता गाडीचं. गाडी मी चालू ठेवली, इंजनापासून बिरेकपर्यंत सगळं आपल्या हातानं. कडूनिंबाखाली उभी राहे. आनि निर्मला काय करे, दुपारी चारच्या टायमाले हातातलं काम ठेवे, गाडीत जाऊन बसे, काच वर करे आनि रेडिओ लावे. तासभर. पहिल्या पाळीतून मी पाचले घरी ये, मोटरसायकल थांबवो त मले काचेतून तिचं डोकं दिसे, सीटले टेकवलेलं, डोळे मिटलेले. माही गाडी वाजली का रेडिओ बंद करून ती बाहेर ये, म्हने, चहा ठेवतो.

एक दिवस नाई, दोन दिवस नाई, वरसं. त्या रेडिओत भावाची कॅसेट अडकलेली होती, मले मालूम होतं, त्याच्या गान्याची, त्यानं स्वतः भरलेली. कोनी ते काढलीच नव्हती. आता सांगा, बायको रोज काच लावून, डोळे मिटून, कोनाले आयकून राह्यली असन? मी काई इचारलं नाई. इचारलं असतं त काय, दोन मिन्टाचं काम होतं. पन मले भेव वाटे का ती हाव म्हनन. मेलेल्या मानसावर जळनं म्हंजे बम बेकार काम आहे भाऊ. जित्यासंग भांडता येते, मेल्याचं काय करसान?

चार वरसं झाले असन ह्या गोष्टीले. स्वाती नागपूरले नर्स झालती तवा. मी चंद्रपूरले गेलो आनि नवा सेट घेऊन आलो, फोनवरचे गाने लागनारा, निळ्या लाईटवाला. निर्मलाले म्हनलं, गाडीत नवीन बसवतो. ती भाकर थापून राह्यली होती, तिनं मान बी नाई उचलली. म्हने, कायले? आहे ना चालू. बस, ते कायले माह्या डोक्यात गेलं. आठ दिवसानं ती बहिनीकडे कोरपन्याले गेली दोन दिवस, मी सुट्टी टाकली आनि दुसऱ्याच दिवशी सकाळी पाने काढले.

आता तुम्ही म्हनसान त्यात काय एवढं. जुना सेट काढाले दोन्हीकडून खाचा असते, त्यात चपट्या चाव्या घालाव लागते. त्या कुठी माह्याजवळ, मी सायकलीच्या तारा ठोकून वाकवल्या आनि खुपसल्या. येऊनच नाई राह्यला. वढलं, हिसकलं, डॅशबोर्डची पट्टी कडकन तुटली. अन् बॅटरीची तार आधी सोडाव लागते, हे मी दुसऱ्याले शंभरदा सांगतो, त्या दिवशी मीच इसरलो. मागून हात घातला त चट्ट करून ठिनगी, फ्यूज गेला. एवढे वरसं बिजलीचं काम केलेला मानूस मी, नवशिक्यासारखा हात भाजून घेतला. कारन मी रेडिओ काढूनच नव्हतो राह्यलो ना. मी भावाले काढून राह्यलो होतो.

निघाला एकदाचा. मागं तारायचा गुच्छा, रंग नव्या सेटसंग जमेना. बल्ब लावून एक एक तार पाह्यली, जोडली, काळी टेप गुंडाळली. वाजला. निळा लाईट लागला. पन चावी बंद केली का घड्याळ बी जाय आनि लावलेलं स्टेशन बी जाय. लाल आनि पिवळी उलटसुलट झाली, हे मले समजत होतं, पन मी म्हनलं जाऊ दे, वाजते ना. जुना सेट कॅसेटीसकट हातात घेतला. गरम होता थोडा. भंगारवाला आला त्याच दिवशी, एका जळलेल्या पंख्यासंग त्याले देऊन टाकला.

निर्मला आली. चार वाजले, गाडीत गेली, दार लावलं. मी ओसरीतून पाहून राह्यलो. पाच मिनटं बी नाई झाले असन, बाहेर आली. मले वाटलं आता बोलन, रडन, काईतरी फेकून मारन. काईच नाई. म्हने, पट्टी तुटली का? मी म्हनलं, हाव. ती घरात गेली. दुसऱ्या दिवशी चारले ओसरीत बसून लसून सोलला. तिसऱ्या दिवशी बी. माय आतून हाका मारे, निर्मला पानी दे, निर्मला कोन आलं पाह्य, आनि ती उठे, बसे, उठे. गाडीकडे गेलीच नाई. आठ दिवस झाले. मले त जिंकल्यासारखं वाटाले पाह्यजे होतं, नाई? उलटं झालं. मी म्हनो, पाह्य, त्याचा आवाज गेला त हिनं गाडीच सोडली. माही खात्रीच झाली. जेवन जाईना.

आखरीले गेलो घुग्घुसले, भंगारवाल्याच्या वाड्यात. तो म्हने, तुमचा सेट? त्या ढिगात असन, पाहा. दोन तास पालथं केलं सगळं. सापडला, झाकन काढलेला, आतलं तांबं ओरबाडलेलं, पन कॅसेट तशीच अडकलेली. तिथीच बसून पेचकसानं काढली. तुम्हाले सांगतो, आतली पट्टी चाकाले गुंडाळून गुंडाळून तिचा गोळा झालता, गंज चढलेला, सगळी चिकटलेली, तुटलेली. ते काई कालपरवाचं नव्हतं. पंधरा वीस वरसापासून ते कॅसेट वाजलीच नसन. वाजूच शकत नव्हती. आनि मी मेकॅनिक म्हनवतो, वरसानुवरसं त्या गाडीत बसलो, एकदा बटन दाबून पाह्यलं नाई.

घरी आलो. ती गोठ्याजवळ शेनाच्या गोवऱ्या उलटवून राह्यली होती. कॅसेट समोर धरली. म्हनलं, तुमी गाडीत काय आयकत होत्या? म्हने, रेडिओ. मी म्हनलं, काय रेडिओ? म्हने, बायायचा कार्यक्रम लागते चारले, मंग बातम्या, मंग जुने गाने. मी म्हनलं, मले वाटलं मुरलीभाऊले आयकता. तिनं हातातली गोवरी खाली ठेवली. म्हने, इतके वरसं तुमाले असं वाटत होतं?

मंग ती बोलली. लग्नापासून एवढी कधी बोलली नव्हती. म्हने, ह्या घरात मले बसाले एक जागा आहे का सांगा. सैपाकघरात माय, ओसरीत येनारे जानारे, खोलीत तुमी. गाडीत काच लावली का कोनाची हाक आयकू येत नाई. तासभर मी कोनाची सून नाई, कोनाची बायको नाई, तुमची बी नाई, त्यायची बी नाई. मी म्हनलं, मंग जानं काऊन सोडलं? म्हने, त्या नव्या डब्ब्यावर वीस बटनं, सगळं इंग्रजीत, मले स्टेशन सापडलं नाई. आनि तुमाले इचाराची मले लाज वाटली, का एवढ्या हौशीनं बसवलं तुमी. हौशीनं म्हने! भाऊ, जमीन फाटावी आनि आत जावं असं झालं मले.

पन मले एवढ्यावरच सोडलं नाई तिनं. कॅसेट माह्या हातातून घेतली, पदरानं पुसली. म्हने, पट्टी खराब आहे मले मालूम होतं, तुमाले सांगाची गरज नव्हती. पन त्यायची वस्तू होती. स्वातीच्या बापाची. भंगारात टाकाची नव्हती तुमी, इचाराचं होतं. मी म्हनलं, चुकलो. मंग मी ते इचारलं जे इचाराचं नव्हतं, म्हनलं, याद येते का? ती म्हने, येते ना. नाई कशी येनार. तुमाले नाई येत का? तुमचा त भाऊ होता.

तिथी मी रडलो. गोठ्यात, शेनाच्या वासात, सत्तेचाळीस का अठ्ठेचाळीस वरसाचा मानूस... नाई, पन्नासच्या वर होतो मी तवा, पाहा, हिशेब बी चुकते. भाऊ गेला तवा मी रडलो नव्हतो. लोक म्हने प्रभाकर लय खंबीर. खंबीर कायचा, जळून राह्यलो होतो. जळता जळता रडाचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बॅटरीची तार आधी सोडली, बराबर. लाल पिवळी सरळ केली, स्टेशन ध्यानात राहाले लागलं. तिचं स्टेशन पहिल्या बटनावर बसवलं आनि त्याच्यावर स्वातीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. म्हनलं, एवढं एकच दाबाचं, बाकीचे सगळे बेकार आहे. ती हासली. घरी असलो का चारले आता मी मायजवळ बसतो, पानी मी देतो, कोन आलं ते मी पाह्यतो. गाडीकडे जात नाई. मायले पटत नाई, म्हने, बायको गाडीत अन् तू चुलीपाशी. म्हनलं, असू दे.

दोन वरसापासून ती गाडी चालवते बी. मीच शिकवली, ढिगाच्या मागच्या रस्त्यानं. कोरपन्याले बहिनीकडे स्वतः जाते, मी बाजूले बसतो, ट्रक आला का माहे पाय आपोआप बिरेक शोधते. बाजारात लोक म्हनते, बाई लय मस्त चालवते हो. आता माह्या पोटात तवाबी दुखते थोडं, खोटं कायले बोलू, सभाव आहे, तो काई पाना लावून निघत नाई.

पन भावाचं म्हनसान त सांगतो. त्याचा फोटो लावला आहे तिथी, पाहा, मिशीवाला. तो अडतीसचाच राह्यला. मी पंचावन्नचा झालो, डोकं पांढरं, दोन दात गेले. आता फोटोपुढे उभा राह्यलो का मले तो लहान दिसते, बिचारा, पोरसवदा. आयुष्यभर मोठा होता तो माह्याहून, आता मीच त्याच्याहून मोठा झालो. आता लहान भावावर कोन जळते, सांगा तुम्ही. दिवाळीले ओवाळते सगळे त मी त्याले म्हनतो, मुरल्या, बरा आहेस ना बाबू? आधी कधी त्याले अरे तुरे केलं नाई. आता करतो.