रेडीच्या रक्तातला भाऊ

चंदना : डोळा या सूक्ष्मदर्शकाला लावा, मामा. दिसले पट्टे?

केरबा : दिसत्यात की. घोंगड्यागत. ही समदी माझ्या रेडीची?

चंदना : तिच्या रक्तातली गुणसूत्रं. काचेवर घेऊन अर्धा मिनिट ट्रिप्सिन सोडायचं. ते थोडी प्रथिनं खातं, मग रंग दिला की पट्टे उठतात. पट्ट्यांवरून कोण कुठलं ते कळतं. पहिली काच माझ्याकडून ट्रिप्सिनमध्ये जास्त वेळ राहिली, सगळं पुसट झालं. म्हणून तुम्हाला आठवडा थांबावं लागलं.

केरबा : थांबायचं काय न्हाई वो. कडेगावात तरी घरी कोन हाय? तिला रेडकू हुईल का, तेवढं सांगा. तीन वर्सं झाली, माजावर येत न्हाई. डाक्टर निस्त्या सुया टोचतोय. पोरगा म्हनतोय, गाभण ऱ्हात नसली तर इका अन् पुण्याला या.

चंदना : ती जुळी होती का?

केरबा : न्हाई.

चंदना : मामा, हिच्या काही पेशी मादीच्या आहेत, काही नराच्या. ही बारकी काडी, म्हणजे वाय गुणसूत्र, रेड्याची. एकट्या जन्मलेल्या रेडीत ती सहसा दिसत नाही.

केरबा : ...व्हता. संगं रेडा व्हता. घटकाभर जगला. बायकोनं सोता बांधाला पुरला. म्हनली, जुळं झाल्यालं कुनाला सांगू नगासा, दिष्ट लागंल, हीबी जायाची. आता तीच न्हाई ऱ्हायली. तिला शबुद दिल्याला, म्हून डाक्टरलाबी बोललो न्हाई.

चंदना : पोटात असताना दोघांचं रक्त एक झालं. त्यामुळं हिची गर्भपिशवी नीट वाढली नाही. ही कधीच व्यायची नाही.

केरबा : मग त्या सुया?

चंदना : आधी सांगितलं असतं तर त्या टळल्या असत्या.

केरबा : लय सोसलं तिनं. माझ्यापायी.

चंदना : चहा सांगू?

केरबा : नगं. असली म्हस कसायाबिगर कोन घेतंय? मी न्हाई इकायचा. सकाळ-सांज तिच्याशीच बोलतोय मी.

चंदना : फॉर्मवर मुलाचा नंबर दिलाय. रिपोर्ट त्यांना पाठवू?

केरबा : नगं ताई. आयतवारी फोन करतो त्यो, गाभण ऱ्हायली का इचारायला. तेवढंच बोलनं हुतंय आमचं. अजून काय दिस इचारू द्या त्याला.