अठरा गोफर, सगळे एक नंबर

...आणि शेपटी. नुसत्या शेपटीवर तीन आठवडे गेले, तुम्हाला सांगते. डावीकडे वळवली की गोफर पळून चाललाय असं वाटतं, उजवीकडे वळवली की त्याच्या हातातली हॉकीची काठी झाकली जाते, आणि सरळ वर ठेवली तर आमच्या नवऱ्याचं, एल्मरचं म्हणणं, "व्हर्ना, फार उद्धट दिसतो गं." दिसू दे ना बाबा उद्धट, शेतात बिळं करणारा प्राणी तो, त्याला काय चर्चमध्ये पाठवायचाय? पण नाही. जेवणाच्या टेबलावर एकवीस शेपट्या पसरलेल्या, पेरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, ताट टेकवायला जागा नाही, आणि मी माझ्याच घरात सिंकपाशी उभी राहून जेवतेय... का, तर एका संघाला लोगो पाहिजे. आणि संघ कुठे आहे? कुठेच नाही.

म्हणजे अगदीच कुठे नाही असं नाही, एल्मरच्या वहीत आहे. एक नाही, चोवीस आहेत. आमच्याकडे ससकॅचवनमध्ये पूर्वी आगगाडीच्या फाट्यावर दर आठ मैलांना एकेक गाव होतं, पुढे फाटा उखडला, शाळा गेली, धान्याची कोठारं पाडली, आणि गावंही उठली. तर अशा उठलेल्या चोवीस गावांचे एल्मरने बर्फावरच्या हॉकीचे संघ काढलेत. प्रत्येकाचं नाव, रंग, लोगो, सामन्यांचं वेळापत्रक, गुणतक्ता, सगळं. एका संघाचं नाव 'लेट ट्रेन', त्यांच्या छातीवर घड्याळ. एका संघाचा गोलकीपर गेली सहा वर्षं गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर आहे, आणि एल्मर सकाळी कॉफी पिताना मला सांगतो, "डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिने." कुठले डॉक्टर? मी विचारत नाही आता.

माणूस तसा सोन्यासारखा. छत्तीस वर्षं आमच्या गावाचे रस्ते त्याने बर्फातून मोकळे केले, उणे चाळीसमध्ये, आणि कुणाच्या दारासमोर बर्फाचा ढीग म्हणून ठेवला नाही. पण बोलायचा नाही. आणि स्केटिंग करायचा नाही. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी बर्फावर उभी राहतात, आणि याचा डावा खुबा लहानपणीच बिघडलेला, पाच वर्षं पायाला लोखंडी पट्ट्या. बाकीचे खेळायचे आणि हा रिंकवरच्या शेगडीजवळ बसून, बापाच्या खिशातल्या धान्याच्या पावत्या काढून, त्यांच्या मागे लोगो काढायचा. ते जे सुरू झालं ते अजून चालूच आहे, आणि माझ्याशिवाय हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी आलं की वह्या ब्रेडच्या डब्यामागे. ब्रेड मग कुठे? विचारू नका.

तर एल्मर निवृत्त व्हायचा होता. मला वाटलं, याला एक जर्सी करून देऊ. एकच. त्यातल्या त्यात लाडका संघ म्हणजे व्हेस्ना गोफर्स, कारण व्हेस्ना त्याचं स्वतःचं गाव. तिथले आजे-पणजे युक्रेनहून आले तेव्हा पहिली दोन वर्षं जमिनीत खड्डा खणून, वर गवताची ढेकळं रचून राहिले, तर शेजारच्या नॉर्डालचे लोक त्यांना गोफर म्हणायचे. चिडवायला हो. आणि एल्मरने तेच नाव उचलून संघाला दिलं. मी गुपचूप त्या लोगोचं चित्र डब्यामागून काढलं आणि शहरातल्या जर्सीवाल्यांचा छापील अर्ज मागवला. अर्जात एक चौकट, 'संख्या', त्याच्याखाली दुसरी, 'नंबर'. मी म्हटलं, संख्या म्हणजे पाठीवरची संख्या, एल्मरचा वाढदिवस अठरा तारखेचा, लिहिलं अठरा. नंबर म्हणजे किती जर्सी हव्यात, लिहिलं एक. कुणीही हेच केलं असतं. तुम्हीही केलं असतं.

जर्सीवालीचा फोनसुद्धा आला होता बघा. कशी बोलते, सर्दी झालेल्या मांजरीसारखी, "मॅडम, सगळ्यांचा नंबर एकच ना?" मी म्हटलं, हो बाई, एकच.

शनिवारी दुपारी रिंकला लागून असलेल्या हॉलमध्ये एल्मरच्या निरोपाची कॉफी, निम्मं गाव जमलेलं, आणि खोकं आलं ते माझ्या वॉशिंग मशीनएवढं. मला तिथेच समजायला हवं होतं. पण बायकांनी तोवर टेप फाडली, एक जर्सी काढली, पाठीवर एक नंबर. दुसरी काढली, एक नंबर. तिसरी, चौथी... अठरा जर्सी, सगळ्या एक नंबर, सगळ्यांच्या छातीवर तो काठीवाला गोफर आणि वर मोठ्या अक्षरांत व्हेस्ना. मग कुणीतरी विचारलं, "हा कुठला संघ?" आता काय सांगू? मी म्हटलं, एल्मरचा आहे, त्याने काढलाय, त्याच्याकडे असे चोवीस आहेत. कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं हसलं, पण हसलं.

एल्मरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने कप खाली ठेवला, टोपी घेतली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला.

मी मागोमाग. गाडीत बसलेला, इंजिन बंद, काचेवर वाफ. मी शेजारी बसले. मला वाटलं ओरडेल, पण ओरडेल तो एल्मर कसला. समोर बघत म्हणाला, "व्हर्ना, ते माझं होतं गं." एवढंच. तुम्हाला सांगते, लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. म्हणजे मी इतकी वर्षं म्हणतेय, संघ कुठे आहे, कुठेच नाही, आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तो कुठेच नसण्यातच त्याची सगळी मजा होती. कुणी हसणार नाही, कुणी हरवणार नाही, कुणी याला शेगडीजवळ बसवणार नाही.

तेवढ्यात काचेवर टकटक. बघते तर ओल्हा डेमचुक. नव्वद वर्षांची बाई, चालायची चौकट बर्फात रोवून उभी, आणि कोटावरून जर्सी चढवलेली, गुडघ्यापर्यंत. ओल्हाबाई मूळच्या व्हेस्नाच्याच. एल्मरने काच खाली केली.

"एल्मर, हा गोफर ज्याच्यावर उभा आहे, तो उंचवटा नाही ना रे?"

"नाही, काकू."

"माझ्या आजीचं भुईघर आहे ते. दाराच्या वरची फळी वाकडी आहे. तुला कुणी सांगितलं?"

"लहानपणी पाहिली होती मी. तेव्हा त्यात तुमचे बटाटे असायचे."

ओल्हाबाई छातीवरच्या चित्रावरून हातमोजा फिरवत राहिल्या. मला वाटलं आता रडणार. तर म्हणतात कशा, "चित्रात धुराड्याचा धूर चुकलाय. आमच्याकडे वारा पश्चिमेचा. धूर इकडे जायचा, तिकडे नाही." आणि खरं सांगू, एल्मरचा चेहरा असा काही खुलला, की निरोपाची भाषणं, घड्याळ, केक, कशानेही खुलला नव्हता. त्याने खिशातून पेन्सिल काढली, गाडीचं दार उघडलं आणि ओल्हाबाईंना विचारलं, "किती वाकडा जायचा? दाखवा बरं."

मग काय, व्हेस्नाची आमच्या गावात इतकी माणसं निघतील असं वाटलं नव्हतं. कुणाचा बाप तिथला, कुणाची आजी. सोमवारपर्यंत अठराच्या अठरा जर्सी गेल्या. गुरांचा डॉक्टर घालून गाईंकडे जातोय, फादर झग्याखाली घालतायत, औषधवाला गल्ल्यावर. एल्मर रस्त्यात थांबून लोकांना सांगतो, धूर चुकलाय बरं का त्यात, पुढच्या वेळी दुरुस्त करतो. बोलतोय! छत्तीस वर्षांत जेवढं बोलला नसेल तेवढं त्या आठवड्यात बोलला.

आणि इथवर ठीक होतं. पण गावात खत आणायला आला नॉर्डालचा हाल्व्हर्सन. हा माणूस असा, की दार उघडायच्या आधी त्याचा आवाज आत येतो. त्याने औषधवाल्याच्या छातीकडे बोट दाखवलं. "अरेच्चा, गोफर अजून जिवंत आहेत? मग रविवारी या की बर्फावर. की अजून बिळातच?" आणि औषधवाला, बावन्न वर्षांचा, बीपीची गोळी रोज स्वतःच्याच दुकानातली खाणारा, म्हणाला, "येतो."

एल्मरला सांगितलं तर तो हादरला. वही काढून म्हणाला, "रविवारी कसं जमेल? रविवारी व्हेस्नाचा सामना लेट ट्रेनशी आहे." मी म्हटलं, एल्मर, नॉर्डालचे खरे येणार आहेत, गाड्या घेऊन. तो बराच वेळ पानं उलटत बसला. शेवटी लेट ट्रेनचा सामना पुढे ढकलला. बर्फामुळे.

अकरा जण उभे राहिले. डॉक्टर, फादर, औषधवाला, असे सगळे, आणि ओल्हाबाईंच्या दोन नाती, खेळता येणाऱ्या तेवढ्याच दोघी. नियमाप्रमाणे बाकड्यामागे प्रशिक्षक लागतो. एल्मर म्हणाला, "मी लोगोवाला, मी काचेमागेच बरा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला हॉकीतलं काय कळतं? कोण थकलंय तेवढं कळतं. मी थकलेल्याला बसवत होते आणि न थकलेल्याला पाठवत होते, आणि दुसऱ्या भागात न थकलेला असा कुणी उरलाच नव्हता.

आणि तो माइकवरचा माणूस बिचारा. "चकती एक नंबरकडे... एक नंबरने दिली एक नंबरला... एक नंबर पडला... एक नंबर त्याच्यावर पडला..." पंचाने औषधवाल्याला धक्का मारताना पकडलं, ओरडला, "एक नंबर, दोन मिनिटं बाहेर," तर आमचे बर्फावर होते तेवढे सगळे प्रामाणिकपणे बाहेर यायला लागले. फादर तर सगळ्यांच्या पुढे. हाल्व्हर्सन गोलपाशी बसून पोट धरून हसत होता, आणि तेवढ्यात ओल्हाबाईंच्या धाकट्या नातीने, जी अजून पूर्ण बाहेर आली नव्हती, चकती त्याच्या पायांमधून आत घातली. तो गोल मोजावा की नाही यावर दहा मिनिटं वाद. मोजला. ओल्हाबाईंनी काचेवर चौकट आपटली, काचेला अजून खूण आहे.

तिसऱ्या भागाआधीच्या सुट्टीत एल्मर माझ्याकडे आला, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, सहाच झालेत. तो म्हणाला, "गोलांचं नाही गं. पोट." कसलं पोट? तर म्हणे, "इतकी वर्षं मी सपाट छातीवर काढतोय. माझ्या वहीत कुणाला पोटच नाही. डॉक्टर वाकला की गोफरची घडी पडते, तो पोटात दुखत असल्यासारखा दिसतो." आणि वळून परत काचेपाशी गेला, आणि पुढचा सगळा खेळ त्याने नुसती पोटं काढली. उभी पोटं, वाकलेली पोटं, दमलेली पोटं. शेजारी नॉर्डालची माणसं येऊन बघत होती, आणि त्याने वही झाकली नाही. एकदाही नाही.

हरलो. नऊ-दोन. दुसरा गोलही धाकटीचाच. हाल्व्हर्सनने सगळ्यांशी हात मिळवले, शेवटी काचेमागच्या एल्मरशीही, आणि म्हणाला, "आमच्या जर्सीवर साठ वर्षं नुसतं एन अक्षर आहे. तुमचा गोफर बघून लाज वाटली बघ." आमचा हा म्हणतो कसा, "बघतो, पण वेळ लागेल. माझ्याकडे आधीचे चोवीस आहेत."

घरी येऊन त्याने वहीत निकाल लिहिला. मी म्हटलं, लिही की जिंकलो, तुझीच वही आहे, कोण बघतंय? तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गुणतक्त्यावर थुंकले. "व्हर्ना, इतक्या लोकांनी बघितलंय. आता खोटं लिहिता येणार नाही."

आणि मग बुधवारी टपाल आलं. माझ्या नावाचं, तिकीट लावलेलं पाकीट. अक्षर माझ्या नवऱ्याचं. टपालकचेरीपर्यंत बर्फातून चालत गेला असणार, आणि पत्र तिथून दोन दिवसांनी आमच्याच घरी. आत लिहिलंय, "माननीय प्रशिक्षक, रविवारच्या नऊ गोलांचा विचार करता व्यवस्थापनाने जड अंतःकरणाने आपल्याला पदावरून मुक्त करण्याचं ठरवलं आहे. खेळाडूंची आपण घेतलेली काळजी संघ विसरणार नाही." खाली सही, एल्मर ह्रिचुक, व्यवस्थापक.

आणि संघ कुठे आहे... जाऊ दे. मी टेबलाकडे बघितलं, तो मान खाली घालून पोटं काढत होता, म्हणाला, "काही आलं का टपालात?" मी म्हटलं, काही नाही. भांडले असते हो, चांगली भांडले असते, पण पत्राच्या डोक्यावर त्याने गोफर काढला होता, आणि आता खोटं कशाला बोलू... धूर अगदी बरोबर गेला होता.